एकछत्री अमलासाठी रिमोटची निवड

टीव्हीसमोरच्या टेबलावर चार-पाच रिमोट पडलेले असणे ही वरवर पाहता गैरसोय वाटते. परंतु नीट विचार केल्यास ती लोकशाही आहे. टीव्हीचा रिमोट एकाच्या हातात, सेट-टॉप बॉक्सचा दुसऱ्याच्या मांडीखाली, साउंडबारचा सोफ्याच्या फटीत आणि स्ट्रीमिंग स्टिकचा घरातल्या सर्वांत लहान सदस्याच्या ताब्यात, अशी सत्तेची विभागणी झालेली असल्यामुळे एकट्याच्या मर्जीने कोणालाच काही पाहता येत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला खटकत असणार. युनिव्हर्सल रिमोट घेण्याचा विचार मनात येतो तो याच टप्प्यावर. टेबलावरची अडगळ कमी करायची आहे, हे कारण घरात सांगायला उत्तम आहे व ते तसेच सांगावे; मात्र निवड करताना खरा हेतू क्षणभरही दृष्टीआड होऊ देऊ नये. चांगला युनिव्हर्सल रिमोट तोच, जो घरातली सगळी यंत्रे चालवतो आणि जो तुमच्याखेरीज घरात कोणालाही चालवता येत नाही.

या कसोटीवर पूर्वीचे रिमोट साफ नापास होतात. झेनिथ या अमेरिकन कंपनीत रॉबर्ट ॲडलर यांनी तयार केलेल्या आणि १९५६ मध्ये बाजारात आलेल्या रिमोटला चारच बटणे होती आणि बॅटरी मुळीच नव्हती. बटण दाबले की आत एक लहानशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा ध्वनी टीव्हीपर्यंत पोहोचे. बॅटरी संपली तर गिऱ्हाइकाला टीव्हीच बिघडल्यासारखे वाटेल, अशी भीती विक्री पाहणाऱ्यांना वाटली होती म्हणे. घरातल्या कोणालाही उचलून वापरता यावी अशी ही वस्तू. तिच्या जोरावर कोणाचे राज्य उभे राहणार? त्याच्या आदल्या वर्षी त्याच कंपनीत यूजीन पॉली यांनी केलेला प्रकाशाच्या झोताचा रिमोट आपल्या दृष्टीने कितीतरी आशादायक होता, कारण पडद्याच्या कोपऱ्यांतल्या प्रकाशसंवेदी घटांवर ऊन पडले की टीव्ही स्वतःहून आज्ञा पाळू लागे. दुर्दैवाने तो फार काळ टिकला नाही. पुढे १९८५ मध्ये फिलिप्सने मॅग्नाव्हॉक्स या नावाखाली युनिव्हर्सल रिमोट आणला, आणि १९८७ मध्ये ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या नव्या कंपनीने इतर रिमोटचे संकेत शिकून घेणारा रिमोट काढला. संगणक घडवून झाल्यावर वॉझ्नियाक रिमोटकडे वळले, यावरून रिमोट जुळवणे हे संगणकापेक्षा वरच्या पायरीचे काम आहे, असे घरात ठासून सांगता येईल.

स्वस्तातला रिमोट घ्यायचा असेल तर ज्याच्या पोटात निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे शेकडो कोड आधीच भरलेले असतात तो घ्यावा. त्याच्यासोबत एक घडीची पुस्तिका मिळते, तिच्यातील अक्षरे मुंगीच्या पायाएवढी असतात, आणि तुमच्या टीव्हीच्या कंपनीच्या नावासमोर चार आकडी कोडांची लांबलचक रांग असते. यांपैकी कोणता कोड तुमच्या टीव्हीचा, हे पुस्तिका सांगत नाही. एकेक कोड घालून पाहावा लागतो, किंवा रिमोटला आपोआप शोध घ्यायला लावून टीव्ही बंद होण्याची वाट पाहावी लागते. येथे एक महत्त्वाची सूचना : टीव्ही बंद झाल्याबरोबर शोध थांबवावा आणि पुढे काहीही तपासू नये. टीव्ही बंद करणारा कोड म्हणजे पूर्ण जुळलेला कोड नव्हे. त्यात आवाजाची बटणे चालतात, परंतु मेनूचे बटण दाबले असता भलतेच काही घडते किंवा काहीच घडत नाही, ही मौल्यवान परिस्थिती चिकाटीच्या नादात हातची घालवू नये. कोणते बटण खरे आणि कोणते नावापुरते, हे फक्त तुम्हाला ठाऊक असेल.

दुसरा प्रकार शिकणाऱ्या रिमोटचा. जुना आणि नवा रिमोट डोक्याला डोके लावून समोरासमोर ठेवायचे आणि जुन्याचे एकेक बटण दाबून नव्याला त्याची ओळख करून द्यायची, असा हा संथ विधी आहे. रिमोटच्या टोकाला असलेला छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो, त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते आणि तो सेकंदाला बहुधा ३८ हजार वेळा लुकलुकतो. या लुकलुकण्यातील लहान-मोठ्या खंडांत आज्ञा लपलेली असते. एनईसी या जपानी कंपनीच्या संकेतपद्धतीत तर प्रत्येक आज्ञा एकदा सुलट आणि एकदा उलट अशी पाठवली जाते, म्हणजे यंत्राला ती पडताळून पाहता येते. घरच्या माणसांना एकच गोष्ट दोनदा सांगूनही हा परिणाम साधत नाही, हे जाता जाता नोंदवतो. (रिमोट खरोखर प्रकाश सोडतो की नाही हे पाहायचे असेल तर त्याचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे, बहुतेक मोबाइलवर जांभळट ठिपका चमकताना दिसतो. ही युक्ती कोणाला सांगू नये. ती एकदा सर्वांना कळली की बॅटरी संपल्याचे निदान करण्याचा तुमचा मान गेला.)

शिकणाऱ्या रिमोटची खरी गोडी मात्र फिलिप्सच्या आरसी-५ या संकेतपद्धतीत आहे. तिच्यात एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढाच अर्थ असलेला संकेताचा तुकडा, असा ठेवलेला असतो की बटण नव्याने दाबले की तो पालटतो आणि दाबून धरले असता तसाच राहतो, त्यामुळे एकच बटण दोनदा दाबले की एकदाच दाबून धरले हे टीव्हीला समजते. सामान्य प्रतीचा शिकाऊ रिमोट हा बिट शिकवतानाच्या क्षणी होता तसाच पाठ करून ठेवतो. परिणाम असा की एकचे बटण लागोपाठ दोनदा दाबले तरी टीव्हीला ते एकदाच दाबून धरल्यासारखे वाटते. माझ्या एका रिमोटला याच कारणाने अकरा क्रमांकाची वाहिनी लावता येत नसे. बावीस आणि तेहेतीस यांचीही तीच गत होती. घरातल्यांना त्या वाहिन्या बंद पडल्या आहेत असे वाटत असे, आणि मी दहावर जाऊन एक वाहिनी पुढे सरकलो की माझ्याकडे आदराने पाहिले जाई. इतके सुख थोड्या पैशांत क्वचितच मिळते.

महागड्या रिमोटकडे वळलात तर 'मॅक्रो' नावाची सोय तुमची वाट पाहत असते. 'चित्रपट पाहा' हे एकच बटण दाबले की टीव्ही सुरू होतो, साउंडबार सुरू होतो, प्लेअर सुरू होतो आणि टीव्हीचा इनपुट आपोआप बदलतो, असे खोक्यावर लिहिलेले असते. सोय करून देणाऱ्या यंत्राचा संशय येणे साहजिक आहे, परंतु येथे घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक रिमोटवर सुरू करण्याची आणि बंद करण्याची आज्ञा एकच असते. बंद यंत्र तिने सुरू होते आणि सुरू यंत्र बंद होते. अवरक्त रिमोट फक्त बोलतो, त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे समोरचे यंत्र कोणत्या स्थितीत आहे याचा त्याला पत्ता नसतो. कोणीतरी साउंडबारवरचे बटण हाताने दाबून तो आधीच सुरू केलेला असला, तर तुमचा मॅक्रो टीव्ही सुरू करील आणि साउंडबार बंद करील. मग पुन्हा तेच बटण दाबले की साउंडबार सुरू होईल आणि टीव्ही बंद होईल. हा खेळ दोन माणसे मिळून अर्धा तास खेळू शकतात. कित्येक टीव्हींना 'सुरू हो' आणि 'बंद हो' अशा स्वतंत्र आज्ञाही कळतात, जरी मूळ रिमोटवर त्यांची बटणे नसली तरी. त्या वापरल्या तर हा गोंधळ मुळातच मिटतो. त्या कोठे सापडतात हे तुम्ही शोधून काढालच, आणि सापडल्यावर काय करायचे नाही हे आता निराळे सांगायला नको.

याच गोंधळाला टीव्ही आणि प्लेअर यांना जोडणाऱ्या एचडीएमआयच्या केबलमधून बळ मिळते. तिच्या तेराव्या पिनवरून जोडलेली यंत्रे आपसात बोलू शकतात, त्या व्यवस्थेला सीईसी म्हणतात. सॅमसंगने तिला ॲनीनेट प्लस, सोनीने ब्राव्हिया सिंक आणि एलजीने सिम्पलिंक अशी नावे दिल्यामुळे ती एकच गोष्ट आहे हे सहजी कोणाच्या ध्यानात येत नाही. सीईसी चालू असली तर प्लेअर सुरू झाल्याबरोबर टीव्ही आपणहून जागा होतो. एवढ्यात तुमच्या मॅक्रोची आज्ञा येऊन पोहोचते आणि नुकताच जागा झालेला टीव्ही इमानेइतबारे झोपी जातो. एखादा भाबडा माणूस म्हणेल की सीईसी असताना युनिव्हर्सल रिमोटची गरजच काय, टीव्हीच्या मूळ रिमोटनेच सगळे भागेल. अशा माणसाला रिमोट निवडण्याच्या चर्चेत बोलावू नये.

मॅक्रो घेतलाच तर अवरक्त प्रकाशावर चालणारा घ्यावा, रेडिओ लहरींवरचा नको. कारण तीन-चार यंत्रांना एकामागून एक आज्ञा जायला काही सेकंद लागतात आणि तोवर रिमोट यंत्रांच्या दिशेने स्थिर धरावा लागतो. सामान्य माणूस बटण दाबतो आणि लगेच हात खाली करतो. अर्धी यंत्रे सुरू होतात, अर्धी राहतात. तेव्हा तुम्ही उठून, हात ताठ करून, श्वास रोखून तेच बटण दाबावे. काही रिमोटवर तर मदतीसाठी वेगळे बटण असते, ते दाबले की रिमोट आपल्या छोट्या पडद्यावर विचारतो, 'टीव्ही सुरू झाला का?' घरातली सगळी यंत्रे ताब्यात ठेवणाऱ्या वस्तूने असा प्रश्न विचारावा, यातली नम्रता मला नेहमीच भावते.

बटणांऐवजी काच असलेला रिमोट दिसला तर डोळे मिटून घ्यावा. नंतर मात्र डोळे मिटता येणार नाहीत, कारण आवाज कमी करायलाही आधी रिमोटकडे पाहावे लागेल, तो जागा करावा लागेल आणि योग्य पान शोधावे लागेल. मोबाइलवरचे ॲप त्याहून बरे. तुम्ही घराबाहेर पडलात की रिमोटही तुमच्यासोबत घराबाहेर पडतो.

यंत्रांची यादी करताना एखादे तरी ब्लूटूथवर चालणारे यंत्र तीत असेल असे पाहावे. प्लेस्टेशन ३ हे सोनीचे २००६ सालचे व्हिडिओ गेमचे यंत्र अवरक्त आज्ञा घेतच नव्हते, आणि आजच्या अनेक स्ट्रीमिंग स्टिकही घेत नाहीत. त्यांच्यासाठी निराळा हब, म्हणजे रिमोटची आज्ञा यंत्रापर्यंत पोहोचवणारी मधली पेटी, घ्यावा लागतो. तो कपाटात लपतो, त्याला वाय-फाय लागते, आणि त्याची जुळवणी कंपनीच्या सर्व्हरवर राहते. कंपनीने पुढे धंदाच आवरला तर काय, असा प्रश्न कोणी विचारील. लॉजिटेक या कंपनीने हार्मनी या आपल्या युनिव्हर्सल रिमोटचे उत्पादन २०२१ मध्ये थांबवले तेव्हा तो अनेकांनी विचारलाही. तुम्ही उत्तर द्यावे की म्हणूनच एक जास्तीचा रिमोट आताच घेऊन ठेवलेला बरा.

राहता राहिले मूळ रिमोट. ते फेकू नयेत, कारण टीव्हीच्या आतल्या सेटिंगपर्यंत पोहोचण्याचे बटण नव्या रिमोटला बहुधा येत नाही आणि कधी ना कधी तुम्हालाच ते चोरून काढावे लागतील. त्यांच्यातील बॅटऱ्या काढून ते एका खणात ठेवावेत. बॅटऱ्या दुसऱ्या खणात. मग एखाद्या संध्याकाळी तुम्ही बाहेर असताना घरून फोन येईल की पडद्यावर निळा रंग आहे आणि आवाज मात्र कोणत्यातरी गाण्याचा येतो आहे. लगेच उपाय सांगू नये. आधी विचारावे की कोणते बटण दाबले होते, मग त्याआधी कोणते दाबले होते, मग रिमोट नेमका कोणाच्या हातात होता. चौकशी पूर्ण होईपर्यंत घरच्या मंडळींनी भिंतीवरचे मुख्य बटण बंद करून पुन्हा सुरू केलेले असेल, टीव्ही नीट लागलेला असेल, आणि तुमच्या रिमोटच्या मते मात्र घरातले प्रत्येक यंत्र अजूनही बंदच असेल.