कंपोस्टप्रमुख

सामुदायिक बागेत कुणाच्या वाट्याला कोणतं काम येणार, हे पहिल्या बैठकीला कोण गैरहजर होतं यावर ठरतं. मी गैरहजर होतो. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटेल त्याने माझं इतक्या आपुलकीने अभिनंदन केलं की मला लगेच संशय आला. बियाणं आणि रोपं डॉक्टरीणबाईंनी घेतली होती, पाणी सगळ्यांनी पाळीपाळीने घालायचं होतं, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांनी 'मार्गदर्शन' स्वतःकडे ठेवलं होतं. उरलं खत. मी कंपोस्टप्रमुख झालो.

मूळ कल्पना सेक्रेटरीबाईंची. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन नावाच्या छोट्या गावात २००८ पासून लोक रस्त्याच्या कडेला, रेल्वे स्टेशनात, चक्क पोलीस ठाण्यासमोरही भाज्या लावतात आणि ज्याला हव्या त्याने खुशाल तोडून न्याव्यात, असं तिथे चालतं. बाईंनी हे बैठकीत मोठ्या तळमळीने सांगितलं. ऐकणाऱ्यांच्या लक्षात 'तोडून न्याव्यात' तेवढं राहिलं. इमारतीमागच्या वाफ्यात पहिला पालक बोटभर वर आला, त्याच रात्री कुणीतरी तो नेला. बोटभर पालकाचं त्या माणसाने काय केलं असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

काकांचं मार्गदर्शन म्हणजे इतिहास. खुरपं हातात आलं की ते सुरू होतात. "दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघरी बागा होत्या. १९४३ साली खुद्द व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर भाजी लावली होती, रूझवेल्टबाईंनी! देशातली चाळीस टक्के ताजी भाजी अशा बागांतून येत होती, असा अंदाज आहे." अंदाज तसा आहे खरा. पण तो सांगून होईपर्यंत बाकीच्यांची निंदणी उरकलेली असते आणि काकांचं खुरपं दुकानातून आणल्यासारखं चकचकीत राहतं.

खताचं तत्त्व ऐकायला सोपं आहे. कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना एक भाग नायट्रोजनमागे साधारण पंचवीस ते तीस भाग कार्बन लागतो. स्वयंपाकघरातली सालं, देठं, उरलेलं, हे सगळं ओलं आणि नायट्रोजनवालं. कार्बन असतो सुक्या पाल्यात, भुशात, पुठ्ठ्यात. ओला कचरा लोक उत्साहाने देतात, अगदी दारावर आणून देतात. सुका पाला कुणीही देत नाही. आणि सुका पाला कमी पडला की ढीग चिकट होतो, आत हवा जात नाही आणि असा वास सुटतो की खिडक्या बंद होण्याचे आवाज एकापाठोपाठ एक, मजल्यांच्या क्रमाने ऐकू येतात.

म्हणून मी पहाटे पोती घेऊन पाला गोळा करायला बाहेर पडू लागलो. झाडूवाल्या मावशी पानांचे व्यवस्थित ढीग करून ठेवतात. एकदा मी त्यातला एक पोत्यात भरत असताना ऑफिसातले साहेब चालायला आले. मी पोतं पाठीमागे घेतलं, ते फाटलं, पाला माझ्या बुटांवर ओतला गेला. साहेबांनी एकदा पाल्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

ढीग नीट जमला की आतून तापतो. चांगल्या मीटरभर उंच-रुंद ढिगाचं पोटातलं तापमान थोड्याच दिवसांत पंचावन्न ते पासष्ट अंशांवर जातं. हे मोजायचं कसं? घरातला ताप मोजायचा थर्मामीटर बेचाळीसला संपतो, आणि तो ढिगात खुपसायला घेतलेला बघून बायकोने जो चेहरा केला त्याचं वर्णन इथे नको. मग डॉक्टरीणबाईंनी युक्ती सांगितली: लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने उपसायची आणि टोकाकडून मुठीत धरायची. हात ठेवता आला नाही तर ढीग उत्तम. त्यामुळे रोज सकाळी मी सळई उपसतो, धरतो, ओरडतो आणि समाधानाने हसतो. समोरच्या इमारतीतली लहान मुलं हे बघायला गॅलरीत जमतात.

या पदाबरोबर जे ज्ञान आपसूक मिळतं, त्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. माणूस काय खातो हे तो अभिमानाने सांगतो. काय टाकतो हे फक्त मला कळतं. दुसऱ्या मजल्यावर डाएट सुरू झालं, हे मला काकडीच्या सालांवरून समजलं. ते संपलं, हे न फोडलेल्या सॅलडच्या पाकिटावरून. पहिल्या मजल्यावर पाहुणे येऊन गेले आणि जेवले नाहीत. एका घरात दर आठवड्याला अख्खा पाव विकत येतो आणि जवळजवळ अख्खाच माझ्याकडे येतो. संयुक्त राष्ट्रांचा एक अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घरांतून. लोकांना हा आकडा वाचून धक्का बसतो. मला ओळखीचा वाटला.

अन्नाखेरीज काय काय येतं, तो वेगळाच प्रांत. फळांवरची चिकट लेबलं, रबरबँड, टी-बॅग. त्यातल्या पुष्कळांत प्लॅस्टिक असतं आणि बाकी सगळ्याची माती झाली तरी ती जाळी हसत पडून राहते. पण खरा घोळ चमच्यांचा. ताट घाईत निपटलं की चमचा सालांबरोबर बादलीत जातो. सुरुवातीला मी ते घासूनपुसून दारोदार घेऊन गेलो. "हा तुमचा का?" प्रत्येकाने चमचा ओळखला आणि प्रत्येकाने नाकारला. चमचा कबूल करायचा तर त्याबरोबर अर्धी वाटी भातही कबूल करावा लागतो. आता आमच्या ड्रॉवरमध्ये एकासारखा दुसरा चमचा नाही.

मग अळ्यांचं प्रकरण झालं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी झाकण उघडलं आणि किंचाळल्या. मी धावत गेलो. ब्लॅक सोल्जर माशीच्या जाड, करड्या अळ्या ओल्या कचऱ्याचा फडशा पाडत होत्या. मी समजावलं, "काकू, या आपल्या मित्र आहेत. भराभर कचरा खातात. यांची मोठी झालेली माशीसुद्धा चावत नाही."

"चावत नाही म्हणून काय पाळायच्या?" काकू म्हणाल्या. "उद्या नावं ठेवाल!"

पाण्याच्या पाळ्यांबद्दल फार लिहीत नाही. जिथे तिथे तेच होतं: पाऊस पडत असताना पाळी पाळणारा एक, कडक उन्हात गावाला गेलेले चार.

यावर उपाय म्हणून सेक्रेटरीबाई एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव घेऊन आल्या. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली ही पहिली स्त्री. कुरणं, मासेमारी, कालव्याचं पाणी अशा सामाईक गोष्टी लोक आपापसांत कशा टिकवतात, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. जिथे नियम वापरणारेच ठरवतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला आधी छोटी, मग वाढत जाणारी शिक्षा होते, तिथे अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालते, असं त्यांना आढळलं. आमच्या समितीला यातला शिक्षेचा भाग एकमताने पटला. पाळी चुकवली तर काय करायचं? बराच ऊहापोह झाला आणि ठरलं: पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी अर्धा तास खताचा ढीग उलटायचा.

म्हणजे मी जेलर झालो. आता रविवारी सकाळी माझ्याकडे कैदी येतात, नाकाला रुमाल बांधून. तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा तर इतक्यांदा आला की फावडं त्याच्या हातात आता छान बसलं आहे. बाहेरचं आत, आतलं बाहेर, मधे पाल्याचा थर, सगळं न सांगता करतो. परवा मी त्याला विचारलं, "अरे, तू पाणी का घालत नाहीस?" तर म्हणाला, "पाणी घालायला पहाटे उठावं लागतं. हे दहाला असतं."

याच सुमारास बागेची प्रतिष्ठा धोक्यात आली. काका सांगत होते की दारातली भाजी खाल्ली की ट्रकचं डिझेल वाचतं आणि पृथ्वी वाचते. तेव्हा सेक्रेटरीबाईंची मुलगी शांतपणे म्हणाली की २०१८ सालच्या एका मोठ्या अभ्यासानुसार, अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम सहा टक्के निघतो; आपण काय खातो आणि किती टाकतो याने जास्त फरक पडतो. बैठकीत शांतता पसरली. मग एकेक करून सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. 'किती टाकतो' याचा हिशेब कुणाकडे आहे, हे त्याच क्षणी सर्वांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवसापासून कचरा झाकलेल्या, अपारदर्शक डब्यांतून येऊ लागला. पाववाल्या घराने तर पाव कुस्करून द्यायला सुरुवात केली. मी न बोलता पाल्याचा थर वाढवला.

आणि आता टोमॅटो. खताच्या ढिगाच्या कडेला, जिथे कुणी काही पेरलं नव्हतं, तिथे टोमॅटोचं एक रोप आपोआप उगवलं. काकांनी लगेच निदान केलं, "कडेला ढीग तापलेला नाही. तापला असता तर बी मेलं असतं." निदान अचूक होतं, कड थंडच राहते, म्हणून तर उलटावं लागतं. पण रोप जोमात वाढलं, त्याला आम्ही आधार दिला, आणि वाफ्यातल्या लाडक्या रोपांवर मावा पडलेला असताना याला घोसच्या घोस लागले. ते लाल होऊ लागले तसा मालकीचा प्रश्न उभा राहिला.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, बी त्यांच्या कचऱ्यातलं, कारण टोमॅटो त्यांच्याकडेच जास्त लागतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, फळाचा आकार त्यांनी आणलेल्या वाणाचा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा दावा घामावर आहे. जागा सामाईक असल्याने फळही सामाईक, असं काकांचं मत असून त्यासाठी ते १९४३ सालापर्यंत मागे गेले आहेत. सेक्रेटरीबाईंनी विषय येत्या बैठकीच्या पत्रिकेत घेतला आहे आणि कुणाच्या घरातून कधी, किती टोमॅटो फेकले गेले, याची साक्ष द्यायला मला बोलावलंय.

कालपासून तिन्ही घरांतून माझ्याकडे चहाला बोलावणी येत आहेत. चहाबरोबर काकूंनी चमचाही दिला. तो त्यांच्या इतर चमच्यांशी जुळत नव्हता. आमच्याकडच्या एकाशी मात्र तंतोतंत जुळला.