चौथा कोपरा

आमच्या जेवणाच्या टेबलाला चार कोपरे आहेत आणि चारही गोल. वडिलांनी 1986 साली ते करून घेतलं तेव्हा मी टेबलाच्याच उंचीचा होतो. पोराच्या कपाळाला लागेल म्हणून कोपरे गोल कर, असं त्यांनी मिस्त्रीला बजावलं होतं. म्हणजे या सगळ्या प्रकरणाचं मूळ माझ्याच कपाळात आहे.

टेबल चार बाय दोन फुटांचं. 19 मिलिमीटरची प्लाय, वर हिरवट सनमायका आणि कडेनं ॲल्युमिनियमची पट्टी. पट्टी म्हणजे आडवी पाडलेली पन्हाळच. तिचा एक काठ टेबलाच्या वर, दुसरा खाली आणि मधे प्लायची कड. इतकी वर्षं तिनं निमूट काढली आणि मग एका कोपऱ्यावर ओठ बाहेर काढला. त्या ओठात आधी आईच्या पातळाचा काठ गेला, मग माझी विजार. शेवटी बायको कोऱ्या चादरीची घडी घालत होती आणि चादरीचा धागा वीतभर बाहेर आला. सोलापुरात चादरीचा धागा निघणं हा गमतीचा विषय नसतो. "अहो, एक तर ही पट्टी जाईल नाहीतर टेबल," बायको म्हणाली. तिसरं काय जाईल ते तिनं सांगितलं नाही, पण बघितलं माझ्याकडेच.

तीन मिस्त्र्यांना फोन केले. पहिल्यानं काम ऐकून फोन ठेवला. दुसरा म्हणाला, "मालक, टेबलच नवीन करू की." तिसरा "उद्या येतो" म्हणाला. त्याची उद्या अजून उगवायची आहे.

मग मीच गेलो पट्टी आणायला. दुकानदार म्हणाला, "बारा फुटांची लांबी येते, कापून मिळत नाही." टेबलाची कड मोजली तर चार न् चार आठ, दोन न् दोन चार, बरोब्बर बारा. एक सूतही शिल्लक नाही. यावर दहावीतल्या मुलीनं वहीत काहीतरी करून सांगितलं, "बाबा, कोपरे तीन इंच त्रिज्येचे आहेत, त्यामुळं पाच इंच वाचतात." गोलाईनं माझं एवढंच भलं केलं.

बारा फुटांची पट्टी रिक्षात मावत नाही. मुलगा स्कूटर चालवायला, मी मागे आणि पट्टी माझ्या हातात उभी. आडवी धरली असती तर नवी पेठेतल्या गर्दीत निदान चार माणसं तरी झोपवली असती. उभी धरल्यामुळं केबलच्या तारा आल्या की मी वाकायचो, पट्टी वाकायची आणि पोरगा वैतागायचा. चहाच्या टपरीवरून एकानं हाळी दिली, "मालक, सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज सात. हा आठवा कुठला काढलाव?" टपरीभर हसू. आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत एवढ्या उंच काठ्यांचे नंदीध्वज तोलत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, त्या माणसांबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

सरळ बाजूवर पट्टी हातानंच खटकन बसली. मी बायकोला बोलावून दाखवलीसुद्धा. ही घाई झाली.

कोपरा आला आणि पट्टीनं रंग दाखवला. बाहेरची भिंत वळते, पण वरखालचे काठ कोपऱ्याच्या आतल्या अंगाला असतात आणि तिथं जागा कमी. मुलीनं पुन्हा वही काढली. बाहेरची गोलाई 120 मिलिमीटर, दहा मिलिमीटर आत गेलं की तीच 104. म्हणजे सोळा मिलिमीटर पत्रा जास्तीचा, आणि त्याला जायला वाट नाही. मग तो चुण्या पाडतो, लाटताना बिघडलेल्या करंजीसारख्या. म्हणून दोन्ही काठांत व्हीच्या आकाराच्या आठ-आठ खाचा कापायच्या, वाकवलं की त्या मिटतात. मी कापल्या. बोटंही कापली. पहिल्या कोपऱ्यावर खाचा मिटायच्या ऐवजी आ वासून बसल्या, पडक्या दातांच्या म्हाताऱ्यासारख्या. दुसऱ्या कोपऱ्याला पट्टी 'टक्' म्हणाली आणि चिरली.

शेजारचे अण्णा गॅलरीतून हे सगळं बघत होते. आयुष्य यंत्रमागांच्या दुरुस्तीत गेलेलं, बोलणं निम्मं तेलुगूत. म्हणाले, "गरम करून वाकतंय की ते."

एवढं ऐकून मी थेट शेगडी पेटवली. लोखंड तापून लाल होतं, तशी ही होईल म्हणून वाट बघत राहिलो. ॲल्युमिनियम लाल होत नाही. ते आधी होतं तसंच पांढरं दिसतं, आणि 660 अंशांना काही न बोलता वितळतं. पट्टीचं टोक बर्नरवर ओघळलं. बायकोनं फक्त विचारलं, "भाकऱ्या आता कशावर करू?"

"साबण कोण लावणार?" अण्णा म्हणाले. जणू ते त्यांनी सांगितलंच होतं. पट्टीवर कोरडा साबण घासायचा, जाळावर फिरवत राहायचं आणि साबण काळा पडला की बाजूला काढायची. मग गार झाली तरी मऊच राहते. वाकवून सोडली की थोडी उलगडते, म्हणून कोपऱ्यापेक्षा लहान गोलावर वाकवायची. घरात तशा मापाचा एकच डबा होता, शेंगाचटणीचा. दुसरी पट्टी आणायला गेलो तेव्हा टपरीवाल्यानं उठून नमस्कार केला.

या पट्टीला पहिले दोन कोपरे जेमतेम जमले. तिसऱ्याला चिकटवताना घोळ झाला. हा गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचं. एकदा टेकली की हलवायची सोय नाही. मी गोंद लावून थांबलो होतो आणि आतून हाक आली, "पाणी आलं!" चार-पाच दिवसांनी येणारं पाणी. अशा वेळी सोलापूरचा माणूस हातातलं लग्नसुद्धा सोडेल. पिंप, हंडे, बादल्या भरून परत आलो तर एप्रिलच्या उन्हानं गोंदाचा पापुद्रा झालेला. घाईत दाबली ती पाव इंच बाहेरच राहिली.

चौथा कोपरा मात्र देखणा झाला. खाचा अशा मिटल्या की नख अडकत नाही.

अण्णा आले, सगळ्या कडेनं बोट फिरवलं, तीनदा थांबले. मग म्हणाले, "भिंतीला लावा की." टेबल खोलीच्या कोपऱ्यात सरकवलं की तीन कोपरे भिंतीला जातात, एकच दारासमोर येतो. येणारे जाणारे तो बघून कारागिराचं नाव विचारतात.

टेबलावर आता दोघंच बसू शकतात. बाकी आम्ही तिघं खाली चादर अंथरून जेवतो. ती कुठं अडकत नाही.