शेवटच्या घड्याळानंतरचं घड्याळ

घड्याळं जमवणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, "मनगटं दोन, मग घड्याळं इतकी कशाला?" यातली खरी मेख अशी की दोन म्हणणं हासुद्धा उदारपणाच झाला. घड्याळ आपण एकाच मनगटावर बांधतो. दुसरं आमच्या काही उपयोगाचं नाही. म्हणजे आमची बाजू विचारणाऱ्याला वाटते त्याच्या दुप्पट लंगडी आहे, आणि ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

अज्ञानापोटी हे होतं असा कुणाचा समज असेल तर तोही काढून टाकतो. सेलवर चालणाऱ्या साध्यातल्या साध्या घड्याळात क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि घड्याळ महिन्याला फार तर पंधरा-वीस सेकंद मागेपुढे होतं. उलट स्वित्झर्लंडमध्ये तपासून 'क्रोनोमीटर' असं प्रमाणपत्र मिळवलेल्या चावीच्या घड्याळाला दिवसाकाठी सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे जायची मुभा असते. म्हणजे प्रमाणपत्र मिरवत ते महिन्याला तीन मिनिटं पुढे पळू शकतं. आणि मला हवी असतात ती हीच, पळणारी. नेमकी वेळ हवी असली की मीही खिशातला फोनच काढतो. मनगटाकडे बघतो तेव्हा तबकडी बघतो, काट्यांची धार बघतो, बघून समाधानाने हात खाली करतो, आणि तेवढ्यात कुणी "किती वाजले?" विचारलं की परत बघावं लागतं.

एवढं सगळं समजत असल्यामुळे मी खरेदीला आळा घालायचं ठरवलं आणि त्यासाठी नियम केले. त्या नियमांबद्दल माझं एकच निरीक्षण आहे: माझी निम्मीशिम्मी घड्याळं या नियमांमुळेच घरात आली.

सुरुवात डब्यापासून झाली. मखमली खाचांचा एक डबा आणायचा, तो भरला की बास. योजना निर्दोष होती. फक्त डबा निवडताना मी घड्याळांपेक्षा थोड्या जास्त खाचा असलेला निवडला, कारण मोजून-मापून घेतलं तर उद्या अडचण नको. रिकामी खाच पडलेल्या दातासारखी असते, जीभ सारखी तिथेच जाते. खाचा भरल्या. मग डब्यात न ठेवता रोज वापरायची घड्याळं डब्याच्या हिशोबात धरायची की नाही, असा एक तात्त्विक प्रश्न उभा राहिला आणि मी तो माझ्या बाजूने सोडवला.

पुढचा नियम जरा वरच्या पातळीवरचा होता. नुसती हौस म्हणून काही घ्यायचं नाही, संग्रहात खरोखर उणीव असेल तरच घ्यायचं. हा नियम ज्या मेंदूतून निघाला त्याला मी मानतो. हौस म्हटलं की घरच्यांना खर्च दिसतो, उणीव म्हटलं की आपल्याला कर्तव्य दिसतं.

उणिवा शोधायला बसलो तर संग्रह म्हणजे नुसत्या उणिवाच निघाल्या. पाण्याखालचं घड्याळ नव्हतं. 'डायव्हर' म्हणवून घ्यायला आंतरराष्ट्रीय मानकानुसार निदान 100 मीटर खोलीचा दाब सोसावा लागतो. मी 300 मीटरचं घेतलं. ते आणि मी मिळून आजवर जे काही खोल गेलो ते बादलीत. त्याच्या कडेला हेलियम बाहेर सोडायची एक झडप आहे. समुद्रतळाजवळच्या दाबाइतक्या दाबाच्या कोठीत दिवसचे दिवस राहून काम करणाऱ्यांच्या घड्याळात हेलियमचे अणू शिरून बसतात, आणि दाब कमी करत वर येताना ते बाहेर पडू शकले नाहीत तर काच उडते. निदान ती एक काळजी मिटली. मग क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, आलं. त्याच्या कडेवर वेग मोजायची आकड्यांची पट्टी असते: एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले ते मोजा, काटा थांबेल तिथे ताशी वेग वाचा. गाडीत वेगाचा काटा असतो हे मान्य. पण तो बंद पडला, रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड जागेवर असले आणि गाडी दुसरं कुणी चालवत असलं, तर मी तयार आहे. मग दुसऱ्या देशातली वेळ दाखवणाऱ्या जादा काट्याचं. दुसऱ्या देशात माझं कुणी नाही. काटा तरी असू दे.

प्रकार संपले, असं वाटेपर्यंत रंग सुरू झाले. काळ्या तबकडीचं आहे म्हणजे निळ्याचं नाही. निळं आलं म्हणजे ते उन्हात निळं आणि घरात काळं दिसतं, म्हणजे खरं निळं अजून नाहीच. एकदा बायकोने नव्याला जुन्याशेजारी धरलं.

"हे आहे ना तुझ्याकडे?"

"ते बेचाळीस मिलिमीटरचं. हे एकोणचाळीस."

तिने दोन्ही खिडकीपाशी नेली, उलटी-सुलटी केली आणि परत आणून दिली. "बरं," म्हणाली.

या 'बरं'ने मला फार लागलं. तीन मिलिमीटरसाठी मी किती रात्री जागून काढल्या होत्या! पण रात्री नीट विचार केल्यावर त्यातली सोय ध्यानात आली. ज्यांना फरक दिसत नाही त्यांना भरही दिसत नाही. पुढची काही घड्याळं दिवसाढवळ्या, मनगटावरून चालत घरात आली.

कुणीतरी सुचवलं की एखादं आवडलं तर महिनाभर थांबावं, इच्छा आपोआप विझते. हा सल्ला देणाऱ्याला आयुष्यात काही हवंसं वाटलेलं नसावं. तो महिना रिकामा जात नाही हो! जाहिरातीतली घड्याळं दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास थांबवलेली असतात, दोन्ही काटे वर उचललेले, मधोमध कंपनीचं नाव ऐसपैस दिसेल असे. रात्री दोन वाजता ती दहा-दहाची हसरी तबकडी बघत मी पडून असतो. मला चंद्रकला दाखवणारं एक घड्याळ आवडलं होतं. थांबायला लागलं म्हणून मी अभ्यास केला. त्यात चंद्राची चकती फिरवणारं 59 दात्यांचं चाक असतं, दोन चांद्रमासांचं मिळून एक. पण चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा, त्यामुळे अडीच-एक वर्षांत चंद्र एक दिवस चुकतो. यावर 135 दात्यांचं चाक बसवलेली घड्याळं निघतात, त्यांचा चंद्र एक दिवस चुकायला 122 वर्षं लागतात. म्हणजे महिन्यापूर्वी मला एक बरंसं घड्याळ हवं होतं, आणि महिनाभर संयम पाळल्यावर त्याच्या कैकपट महाग हवं झालं. आकाशातला चंद्र मी शेवटचा कधी बघितला ते विचारू नका.

'एक आलं की एक गेलं पाहिजे' हाही नियम करून बघितला. नवीन आलं, जुनं एक विकलं. ते गेल्यावर त्याच्या सेकंदकाट्याची आठवण यायला लागली. सेलच्या घड्याळाचा काटा सेकंदाला एक उडी मारून थबकतो; चावीच्या घड्याळाचा सरकतो, निदान तसं वाटतं. भिंगातून बघितलं तर तो सेकंदाला आठ बारीक पावलं टाकत असतो, आत तासाला 28,800 ठोके पडत असतात आणि घड्याळ कानाला लावलं तर ते ऐकूही येतात. ते ठोके मला ऐकू यायला लागले, तेसुद्धा घड्याळ दुसऱ्याच्या हातात असताना. शेवटी तेच मॉडेल परत शोधून आणलं. आता नियमाप्रमाणे त्याच्या बदल्यात काहीतरी जायला हवं होतं, म्हणून तो नियम काढून टाकला.

माझ्यासारखाच एक मित्र आहे. आम्ही करार केला: कुणालाही घ्यावंसं वाटलं की आधी दुसऱ्याला फोन करायचा, आणि दुसऱ्याने काहीही झालं तरी नको म्हणायचं. करार झाल्याच्या आठवड्यातच मी फोन केला.

"नको म्हण," मी म्हणालो.

"नको. कुठलं आहे?"

"पाठवलंय बघ."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "अरे, हे तर बंद केलंय ना त्यांनी?"

"म्हणूनच तर. तू नको म्हण."

"नकोच. काच सफायरची आहे का?"

"हो."

"किती शिल्लक आहेत?"

"दोन."

"मग," तो घसा साफ करून म्हणाला, "एक ठेव माझ्यासाठी."

करार अजून चालू आहे. तो असल्यामुळे आता कुठलंही घड्याळ एकट्याच्या नजरेतून सुटत नाही. खरेदीनंतर आम्ही एकमेकांना "आता हे शेवटचं" असं सांगतो, आणि ते खोटं नसतं. प्रत्येक घड्याळ आपापल्या वेळेला शेवटचंच असतं.

नवीन घड्याळ घेण्यापेक्षा जुन्याचा पट्टा बदला, हा उतारा मात्र खरंच लागू पडतो. कातडी पट्टा काढून कापडी घातला की तेच घड्याळ अनोळखी वाटतं आणि दोन-तीन आठवडे सुखात जातात. फक्त ज्या स्प्रिंगच्या बारीक पिनेवर पट्टा अडकतो तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पिनेचं एक टोक भोकात बसतं, दुसरं दाबून धरावं लागतं, आणि श्वास सोडायचा आणि ती सुटायचा क्षण एकच असतो. टणकन आवाज येतो. तो आवाज ज्या दिशेने आला त्या दिशेला ती कधीच सापडत नाही. मी मोबाइलचा दिवा लावून कपाटाखाली गाल टेकून पडलेला असताना बायको शांतपणे पाय उचलून पलीकडे गेली आहे. तरीही मी हाच मार्ग सर्वांना सुचवीन, जोपर्यंत एखादा फारच देखणा पट्टा हाती लागत नाही. माझ्या हाती लागला. तपकिरी, हाताने शिवलेला, 19 मिलिमीटर रुंदीचा. घरातली सगळी घड्याळं 18, 20 नाहीतर 22 ची. इतका चांगला पट्टा पडून राहिला असता.

पण या सगळ्या छंदात खरे हाल होतात ते काही महिन्यांच्या एक तारखेला. तारीख दाखवणारं साधं घड्याळ एकतीसपर्यंत मोजतं, त्याला महिने माहीत नसतात. तीस दिवसांचा महिना संपला की डब्यातलं जे जे चालू आहे ते खुशाल 31 दाखवतं. फेब्रुवारीनंतर तर विचारूच नका. 1 मार्चला सगळे मिळून 29 वर बसलेले असतात. एकेकाची चावी बाहेर ओढा, तारीख फिरवा, चावी आत दाबा. त्यातही रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेला हात लावायचा नाही, कारण तेव्हा आतली दाती तारीख बदलायच्या तयारीत गुंतलेली असतात, जबरदस्ती केली तर मोडतात. आणि बंद पडलेल्या घड्याळाला रात्रीचे दहा झालेत की सकाळचे, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. म्हणून आधी काटे फिरवत तारीख कुठे उलटते ते शोधायचं, म्हणजे ती मध्यरात्र. ऑफिसला निघायच्या गडबडीत हे करून बघा.

यावर उपाय आहे, आणि तो अर्थातच एक घड्याळ आहे. त्यातला मधला उपाय 1996 साली निघाला, वर्षातून एकदाच, फेब्रुवारीअखेर, हात लावावा लागणारा. पण मधले उपाय करत बसण्याएवढा वेळ माझ्याकडे नाही. मला हवं आहे ते अखंड कॅलेंडरचं. त्याच्या पोटातल्या चाकाला चार वर्षांचे अठ्ठेचाळीस महिने पाठ असतात, लीप वर्षसुद्धा. अडचण एकच, 2100 साल. शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही म्हणून ते लीप वर्ष नाही, आणि चाकाला हे कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे 28 फेब्रुवारी 2100 नंतर एकदा तारीख हाताने पुढे करावी लागेल.

मी हे सगळं बायकोला समजावून सांगितलं. खर्चाबद्दल तिने काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ते रोज घालशील?"

रोज कसं घालणार? बाकीच्यांनी काय करायचं? आणि ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी मिळणारं घड्याळ, न घातलं तर दोन-तीन दिवसांत बंद पडतं. अखंड कॅलेंडर बंद पडलं की वार, तारीख, महिना, लीप वर्ष, चंद्र असलाच तर चंद्र, सगळं ओळीने परत लावत बसायचं. तिने नेमकी नस पकडली होती. त्यामुळे ते घड्याळ घेण्याचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे.

आधी ती विजेवर फिरणारी पेटी घ्यावी लागेल, न घातलेलं घड्याळ मोटरवर गोल गोल फिरवत जिवंत ठेवणारी. ती घड्याळ नाही, त्यामुळे माझ्या कुठल्याच नियमात बसत नाही. मित्राला फोन केला तर तोही म्हणाला, नको, एका घड्याळाची अजिबात घेऊ नकोस, सहाची बघ.