सारसबाग कासवं सोडायला नाही

संकष्टीला सकाळी साताऱ्याची मोठी मावशी दारात हजर. एका हातात दूर्वांची जुडी, दुसऱ्यात पाण्याची प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत बिस्किटाएवढं हिरवं कासव. "सारसबागेत, तळ्यातल्या गणपतीपाशी सोडायचंय. वास्तुदोष जातो म्हणे." पुरावा मोबाइलमध्ये होताच: 'सारसबागेची ७ रहस्ये, पुणेकरांनाही ठाऊक नसलेली!' हाच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला होता. तेव्हा मी 'जाऊ दे' म्हणून सोडून दिला, आणि तो साताऱ्याला फिरून पिशवीतून घरी आला.

तेव्हा सुरुवात कासवापासूनच. मावशीच्या कासवाच्या डोळ्यामागे लाल पट्टा होता. म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं, शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणारं. आज बिस्किटाएवढं असलं तरी मादी फूटभर होते आणि वीस-तीस वर्षं सहज जगते. मासे, बेडकांची पिल्लं, पाणवनस्पती, समोर येईल ते खाते. देशी कासवांच्या तोंडचा घास तर काढतेच, ऊन खात बसायची जागाही बळकावते. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेने जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींची यादी केली आहे, तीत हे महाशय आहेत. यादी मावशीला दाखवली. ती म्हणाली, "अरे, पण देवाच्या पाण्यात ते कसला उपद्रव करणार?"

दुकानातलं नको म्हणून कुणी देशी कासव आणलं, तर आणखी पंचाईत. तारा कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, घरात ठेवणं हाच गुन्हा. शिवाय ते जमिनीवरचं. त्याला पोहता येत नाही, पाण्यात सोडलंत की बुडून मरणार. दोष घालवायला निघालात आणि हत्या करून आलात! पुण्य पदरात पडलंच तर ते दुकानदाराच्या.

बाकीची रहस्यं भराभर उरकतो. 'मंदिर थोरल्या माधवरावांनी बांधलं.' थोरले गेले १७७२ साली, मंदिर १७८४ चं, सवाई माधवरावांच्या काळातलं. सवाई तेव्हा दहा वर्षांचे होते. 'आजचं तळं तेच पेशवेकालीन.' नाही हो. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं आणि मध्ये बेट राखलं, म्हणून हा तळ्यातला गणपती. ते तळं कधीच गेलं. आपण ज्या हिरवळीवर सतरंजी टाकून डबा उघडतो, ती त्याच तळ्याच्या पोटात आहे. देवळाभोवतीचं कमळांचं पाणी अलीकडचं. 'शेजारच्या पेशवे पार्कात वाघ बघा.' प्राणी कात्रजला हलवून वीस वर्षं उलटली. फुलराणी ही छोटी रेल्वे बघा, ती १९५६ पासून आहे. थंडीत गणपतीला स्वेटर-कानटोपी घालतात हे खरं, आणि फार गोड दिसतो. मूर्ती कुडकुडताना दिसली, हे मात्र मेसेजवाल्याच्या पदरचं.

राहिलं शनिवारवाड्याला जाणारं भुयार. इथे नाइलाजाने अर्धं मान्य करतो. वाड्यात जमिनीखालून येत होतं ते पाणी. नानासाहेबांनी कात्रजच्या तलावापासून बांधीव नळ काढून शहरातल्या हौदांना आणि वाड्याला पाणी आणलं, आणि त्या नळात माणूस उतरू शकतो. कुणाच्या आजोबांनी 'भुयार' पाहिलं असेल, तर ते हेच असणार. पण भरल्या तळ्याच्या बुडाखालून पळवाट खणून देणारा बेलदार पेशव्यांना कुठे भेटला, ते मेसेजवाल्याने सांगावं.

मावशी शेवटी नुसत्या दूर्वा वाहून आली. दुकानदार काही कासव परत घेईना. सध्या ते आमच्या मोरीत भाचीच्या जुन्या टबात आहे, मध्ये बसायला एक वीट ठेवली आहे. मावशीचा रोज रात्री साताऱ्याहून फोन येतो. आधी त्याची चौकशी, मग माझी.