‘पहिले उत्तर बदलू नका’ : मुलांचे गुण घालवणारा सल्ला

माझी भाची यंदा एमएचटी-सीईटीला बसते आहे. गेल्या रविवारी तिची सराव चाचणी तपासताना कच्च्या कामाचा कागद माझ्या हाती लागला. प्रश्न असा होता : जाताना ताशी ४० आणि त्याच रस्त्याने परतताना ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? कागदावर तिने एका बाजूचे अंतर १२० किलोमीटर धरले होते, जाण्याचे तीन तास आणि येण्याचे दोन तास मांडले होते, २४० ला ५ ने भागले होते आणि ४८ भोवती गोल केला होता. संगणकावर मात्र ५० हेच उत्तर ठेवले होते. विचारल्यावर म्हणाली, “मामा, आधी ५० सुचलं होतं. पहिलं उत्तर बदलायचं नसतं.”

हे तिला शिकवले ते व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशाने. ताईने तो मलाही मोठ्या विश्वासाने पाठवला होता. त्यात म्हटले आहे की पहिले सुचलेले उत्तर बहुधा बरोबरच असते, कारण अंतर्मन आपल्याआधी हिशेब करते. सलग तीन उत्तरे ‘ब’ आली तर चौथे ‘ब’ नसते. आणि काहीच सुचले नाही तर सर्वांत लांब पर्याय निवडावा.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो. जस्टिन क्रुगर, डेरिक वर्ट्झ आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इलिनॉय विद्यापीठातील पंधराशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड मोजली होती. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची होती ती बरोबर झाली, २५ टक्के बरोबर होती ती चुकली आणि उरलेली एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर गेली. म्हणजे बदलामुळे गुण गमावण्यापेक्षा मिळवण्याचे प्रसंग दुप्पट होते. तरीही बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत उलटीच होती, आणि त्याचे कारणही या संशोधकांनी दाखवले : हातचे बरोबर उत्तर खोडून गुण गेला की तो सल मनात राहतो, पण बदलल्यामुळे मिळालेला गुण तितका ध्यानात राहत नाही. जे चटकन आठवते तेच वारंवार घडते असे मन धरून चालते, ही मनाची पळवाट ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच मांडली होती. हा संदेशही त्याच पळवाटेवर उभा आहे.

‘अंतर्मन हिशेब करते’ हे तर सरळच खोटे आहे. ४० आणि ६० दिसताच मनाने अवघड प्रश्न बाजूला सारला आणि ‘या दोन आकड्यांच्या मधला आकडा कोणता’ या सोप्या प्रश्नाचे उत्तर पुढे केले. कमी वेगाने जास्त वेळ प्रवास होतो, हा प्रश्नाचा गाभाच त्यात निसटला. हिशेब केला तो मुलीच्या हाताने, कागदावर, आणि या संदेशाने तोच तिला टाकून द्यायला लावला.

‘ब’चे गणित फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाही. १९१३ मध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर, म्हणजे जुगाराच्या फिरत्या चक्रावर, सलग २६ वेळा काळा रंग आला आणि आता लाल येणारच म्हणून पैसे लावणारे बुडाले; चक्राला आधीचे रंग आठवत नाहीत. आधीच्या तीन उत्तरांचा चौथ्या प्रश्नाशी तेवढाच संबंध आहे. लांब पर्यायाची युक्ती घाईने काढलेल्या एखाद्या प्रश्नपत्रिकेत चालून जाईलही, पण चारही पर्याय नुसते आकडे असतात तिथे लांब कोणता आणि आखूड कोणता?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. जिथे परिस्थितीत नियमितपणा असतो आणि आपली चूक लगेच कळत गेलेली असते, तिथे वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेला अंदाज भरवशाचा असू शकतो. बुद्धिबळपटूला पट पाहताच चाल सुचते ती अशीच. त्यामुळे काहीही कारण नसताना, केवळ धडधड वाढली म्हणून उत्तर बदलू नये, इतपत त्या संदेशात तथ्य आहे. पण नवी आकडेमोड, नीट न वाचलेला शब्द किंवा चुकलेले चिन्ह हाती आले असेल, तर ते कारण आहे आणि उत्तर बदललेच पाहिजे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि वेळ संपेपर्यंत त्या विभागातील उत्तर बदलता येते. भाचीला आता शंकेच्या प्रत्येक प्रश्नापुढे, उत्तर बदलण्याआधी, बदलण्याचे कारण कच्च्या कागदावर एका ओळीत लिहायला सांगितले आहे. ताईलाही तो कागद दाखवला. ४८ भोवतीचा गोल पाहून तिने गटावर टाकलेला तो संदेश माझ्यासमोरच काढून टाकला.