‘सगळी जहाजे एकाच वाटेने जातात’: अलास्काच्या ढकलपत्राला उत्तर

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या गटात गेल्या महिन्याभरात एकच ढकलपत्र चार वेळा येऊन गेले. साताऱ्याच्या मेहुण्यांनी तेच पुन्हा पाठवले, तेव्हा त्याच्या डोक्यावर ‘अनुभवी माणसाचा सल्ला’ अशी ओळही चढलेली होती. विषय अलास्काच्या क्रूझचा आहे. पत्राचे म्हणणे थोडक्यात असे: सगळ्या कंपन्यांची जहाजे एकाच वाटेने जातात आणि सगळ्यांना तोच हिमनग दिसतो, कंपन्या नावालाच वेगळ्या, मालक एकच, म्हणून सर्वांत मोठे आणि सर्वांत स्वस्त जहाज घ्यावे, सिएटलहून निघावे, म्हणजे कॅनडाचा व्हिसा लागत नाही, थंडीत बाहेर कोणी उभे राहत नाही, तेव्हा बाल्कनीवर पैसे घालवू नयेत, सप्टेंबरात जावे, भाडे कमी आणि वर ‘नॉर्दर्न लाइट्स’ फुकट, आणि बुकिंग अगदी शेवटच्या महिन्यात करावे.

गटातील तीन कुटुंबांची मुले अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नोकरीला आहेत आणि ही मंडळी पुढच्या उन्हाळ्यात खरोखरच ही सफर करण्याच्या विचारात आहेत. आम्ही उभयतांनी ती दोनदा केली, एकदा अमेरिकेतल्या सिएटलहून आणि एकदा कॅनडातल्या व्हँकूव्हरहून. त्यांतली पहिली आम्ही जवळजवळ याच पत्राच्या तर्काने ठरवली होती, त्यामुळे हा तर्क कुठे नेऊन सोडतो हे मला चांगले ठाऊक आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो, कारण पत्राची पहिली चूक तिथेच आहे. हिमनग म्हणजे पाण्यावर तरंगणारा, तुटून आलेला बर्फाचा तुकडा. लोक हजारो मैल ओलांडून जे पाहायला जातात ती हिमनदी: डोंगरातून सरकत येऊन थेट समुद्राला भिडणारी बर्फाची भिंत, जिचे कडे गडगडाटासह पाण्यात कोसळतात. अलास्काच्या किनाऱ्यावर अशा जागा अनेक आहेत, एकमेकींपासून दूर आहेत, आणि कोणत्याही एका फेरीत त्यांतली सहसा एकच पाहायला मिळते. ती कोणती, हे कंपनी, जहाज आणि तारीख या तिन्हींवर ठरते.

त्यांतली सर्वांत मागणी असलेली जागा म्हणजे ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान. तिथे एका दिवसात दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो आणि तो उद्यान खात्याने दिलेल्या परवान्यावरच मिळतो. या परवान्यांचा मोठा वाटा हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या दोन कंपन्यांकडे आहे, नॉर्वेजियनकडेही काही आहेत. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी यांची जहाजे सहसा हबर्ड हिमनदीकडे किंवा एंडिकॉट आर्म या अरुंद खाडीतील डॉज हिमनदीकडे जातात. म्हणजे ‘सगळ्यांना तेच दिसते’ हे विधान उद्यानाच्या दारातच निकालात निघते. कोणत्या तारखेला कोणते जहाज आत येणार याचे वेळापत्रक उद्यान खाते स्वतः प्रसिद्ध करते. एजंटाच्या तोंडी हमीपेक्षा ते पाहणे बरे.

ग्लेशियर बेमध्ये जहाज जवळजवळ दिवसभर असते. तिथे बंदर नाही, कोणी खाली उतरत नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर होडीतून येऊन जहाजावर चढतात आणि समोर काय दिसते आहे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहतात. मार्जरी हिमनदीची भिंत सुमारे दीड किलोमीटर रुंद आहे आणि पाण्याच्या वर सुमारे ७५ मीटर उभी आहे. मला त्याहून विलक्षण वाटली ती खाडीच्या वयाची गोष्ट. १७९४ मध्ये ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील खलाशी इथून गेले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तिच्या तोंडाशीच बर्फ उभा होता. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर पोहोचले तेव्हा तो साठ-पासष्ट किलोमीटर मागे गेलेला होता आणि १९१६ पर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक मागे हटला. आपण दिवसभर ज्या पाण्यावरून जातो ते सारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फाखाली होते, हे रेंजरने सांगितले तेव्हा डेकवरची कुजबुज थांबली होती.

हबर्ड याच्या उलट वागते. उत्तर अमेरिकेतील समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्यांत ती सर्वांत मोठी, लांबी १२० किलोमीटरच्या आसपास आणि तोंड सुमारे दहा किलोमीटर रुंद. आणि इतर बहुतेक हिमनद्या आक्रसत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल फ्योर्ड या समुद्राच्या अरुंद खाडीचे तोंडच बुजवून त्याचा तात्पुरता तलाव करून टाकला होता. केवळ भव्यतेचा प्रश्न असेल तर मी हबर्डला झुकते माप देईन. मात्र तिच्यासमोरच्या खाडीत तरंगता बर्फ दाटला की जहाजाला बरेच अलीकडे थांबावे लागते.

आमची पहिली सफर एका अरुंद खाडीची होती. सकाळी सहाला आम्ही थर्मासमधला चहा घेऊन डेकवर उभे होतो आणि साडेसातला कप्तानाने घोषणा केली की पुढे बर्फ फार आहे, जहाज येथूनच वळेल. हिमनदी आम्हाला एका वळणापलीकडून, पांढऱ्या रेघेएवढी दिसली. यात कंपनीचा दोष नव्हता. अशा खाड्यांत हे होतेच आणि करारातही तसे लिहिलेले असते. दोष आमचा होता, कारण दोन फेऱ्यांच्या भाड्यातला फरक पाहताना हिमनदीसाठी एकीत काही तास ठेवले आहेत आणि दुसरीत अख्खा दिवस, हे आम्ही पाहिलेच नव्हते. एंडिकॉटच्या शेजारची ट्रेसी आर्म ही खाडी तर १० ऑगस्ट २०२५ रोजी तिथे मोठी दरड कोसळून प्रचंड लाट उठल्यापासून चर्चेत आहे, आणि त्यानंतर काही कंपन्यांनी आपल्या फेऱ्या तिथून एंडिकॉटकडे वळवल्या. जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये याला एवढे कारण पुरे.

मालक एकच, हे अर्धसत्य आहे. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कार्निव्हल, क्युनार्ड आणि सीबॉर्न ही नावे एकाच कार्निव्हल समूहाची आहेत. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी दुसऱ्या समूहाच्या, नॉर्वेजियन तिसऱ्या. पण एका घरातील भावंडांनाही सारखे मिळत नाही: हॉलंड अमेरिकेच्या वाट्याला जितके ग्लेशियर बेचे दिवस येतात, त्या मानाने खुद्द कार्निव्हल नावाच्या जहाजांना फार थोडे मिळतात.

व्हिसाचे विधान सर्वांत घातक, कारण बाकीच्या चुकांनी सफर फिकी होते, ही चूक सफर बंद पाडते. अमेरिकेत १८८६ पासून असा कायदा आहे की परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला केवळ अमेरिकन बंदरांमध्येच प्रवासी फिरवून आणता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावेच लागते. ही मोठी क्रूझ जहाजे जवळजवळ सगळी परदेशी ध्वजाची असतात. त्यामुळे सिएटलहून निघून सिएटललाच परतणारे जहाज वाटेत कॅनडातील बंदर घेते, बहुधा शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाचे. भारतीय पासपोर्टधारकाला त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो आणि कंपनीचे लोक तो सिएटलच्या धक्क्यावर, जहाजात चढण्यापूर्वीच तपासतात. ‘आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. अमेरिकेचा व्हिसाही अनेक प्रवेशांचा हवा, कारण आपण कॅनडात जाऊन परत अमेरिकेत येतो. माझ्या परिचयातील विट्याच्या एका दांपत्याला एका ट्रॅव्हल एजंटाने नेमके पत्रातलेच वाक्य सांगितले होते. त्यांचे सामान धक्क्यावरून मुलाच्या घरी परत गेले आणि भाड्यातला एक रुपयाही परत आला नाही.

हा समज आला कुठून, याचा मी विचार केला. २०२१ मध्ये करोनामुळे कॅनडाने आपली बंदरे क्रूझसाठी बंद ठेवली, तेव्हा अमेरिकन संसदेने तेवढ्यापुरती सूट देऊन जहाजांना कॅनडा न घेता सिएटल ते अलास्का फेऱ्या करू दिल्या होत्या. बहुधा त्या काळातील एखाद्या प्रवाशाचा अनुभव आजही फिरतो आहे.

आणि व्हिसा दोन्हीकडून लागणारच असेल, तर सिएटलचा आग्रह कशासाठी? व्हँकूव्हरहून निघालेले जहाज व्हँकूव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जाते. दोन्ही बाजूंना झाडीचे डोंगर आणि पाणी कृष्णेच्या डोहासारखे संथ. सिएटलहून निघालेली जहाजे बहुतेक वेळा बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या प्रशांत महासागरातून जातात आणि पहिला दिवस फक्त पाणी पाहण्यात जातो. माझ्या पत्नीला कुंभार्ली घाटातही गाडी लागते. दोन सफरींतला फरक तिला विचारावा.

येथेच मोठ्या जहाजाचाही मुद्दा येतो. मोठे जहाज कमी डुलते हे खरे, पण हेलकावे किती बसणार हे आडोशाचे पाणी आहे की उघडा समुद्र, यावर अधिक ठरते. चार हजार प्रवाशांचे जहाज अलास्कातल्या स्कॅगवे या छोट्या बंदरगावाला लागते तेव्हा खाली उतरून काय होते हे पत्रलेखकाने पाहिलेले दिसत नाही. स्कॅगवेची कायमची वस्ती सुमारे अकराशे, आणि गर्दीच्या दिवशी तिथे दहा हजारांवर पाहुणे उतरतात; दत्तजयंतीच्या औदुंबरची आठवण व्हावी असे दृश्य. अलास्काची राजधानी जुनो हिने तर २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे अशी मर्यादा घातली आहे. दोन-अडीच हजार प्रवाशांचे मध्यम जहाज मला या सफरीसाठी योग्य वाटते. घसरगुंड्या, नाट्यगृह, नातवंडांसाठी खेळ हे हवे असेल तर मोठे घ्यावे, पण ते अलास्कासाठी घेतले असे म्हणू नये. स्कॅगवेला मात्र व्हाइट पासची आगगाडी चुकवू नये: १८९८ ते १९०० या काळात सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी बांधलेली, तीन फुटी रुळांची. मिरज-लातूरची नॅरोगेज ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही जरा रुंद वाटेल, कारण आपली अडीच फुटी होती.

स्वस्ताबद्दल एवढेच सांगतो की जाहिरातीतला आकडा निम्मी गोष्ट सांगतो. सेवकवर्गाची टिप बहुतेक कंपन्या माणशी दररोज साधारण १७ ते २० डॉलर आपोआप लावतात, म्हणजे दोघांचे सात रात्रींचे अडीचशे डॉलर तिथेच गेले. इंटरनेट आणि बंदरावरच्या सहली वेगळ्या. देवमासे पाहायला नेणारी होडीच माणशी दीड-दोनशे डॉलर घेते. काही कंपन्या यातले काही भाड्यातच धरतात. सगळी बेरीज कागदावर मांडून मगच तुलना करावी.

बाल्कनीच्या बाबतीत पत्राचा निष्कर्ष मला निम्मा मान्य आहे, कारण मात्र साफ चुकीचे आहे. जुलैत जुनोला दुपारी १७-१८ अंश असतात, म्हणजे डिसेंबरातल्या आपल्या पहाटेपेक्षा ते उबदारच आहे. हिमनदीसमोर बर्फावरून येणारा वारा बोचतो, पण कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट असले की माणसे तासन्‌तास बाहेर उभी राहतात; आत बसलेले फार थोडे असतात. बाल्कनीतून एकच बाजू दिसते, आणि कप्तान हिमनदीसमोर जहाज सावकाश फिरवतो म्हणून कोणाचे फारसे बिघडत नाही. पण उघड्या डेकवरून सर्व बाजू दिसतात. म्हणून केबिन आतली घेतली तरी चालेल, जहाज मात्र पुढचा डेक मोकळा ठेवणारे आणि सभोवार फेरी मारता येणारे निवडावे. हॉलंड अमेरिकेच्या जहाजांवर हिमनदीच्या दिवशी पुढचा डेक उघडतात आणि वाटाण्याचे गरम सूप वाटतात. हे सूप डच पद्धतीचे, त्यात सहसा डुकराचे मांस असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी वाटाणा पाहून हात पुढे करू नये. जैन किंवा शाकाहारी जेवणाची मागणी बुकिंगच्या वेळीच नोंदवावी लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र बाल्कनी जरूर घ्यावी.

सप्टेंबर स्वस्त असतो, कारण तो या किनाऱ्यावरच्या सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक आहे. याच किनाऱ्यावरच्या केचिकन गावाला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरचा पाऊस सांगणाऱ्या साताऱ्याच्या मंडळींना तो आकडा किरकोळ वाटेल, पण श्रावणातल्या महाबळेश्वरला धुक्यात आर्थर सीट पाहायला कोणी हजारो डॉलर देत नाही. पत्रातल्या ‘नॉर्दर्न लाइट्स’साठी, म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रकाशासाठी, अंधार हवा आणि आकाशही निरभ्र हवे. सप्टेंबरात अंधार मिळतो, आकाश क्वचितच मिळते. जूनमध्ये तर रात्रभर संधिप्रकाश असतो, तेव्हा तो विषयच नाही. स्वस्ताई हवी असेल तर मे निवडावा: त्या मानाने कोरडा, डोंगरमाथ्यावर हिवाळ्याचा बर्फ शिल्लक आणि भाडे जुलैपेक्षा कमी. अस्वले नदीकाठी मासे पकडताना पाहायची असतील तर मात्र जुलै-ऑगस्टला पर्याय नाही.

शेवटच्या महिन्यात बुकिंग करण्याचा सल्ला सिएटलमध्ये राहणाऱ्याला दिलेला असावा. त्याला शनिवारी भाडे उतरले तर रविवारी बॅग भरता येते. सांगलीच्या माणसाला मुंबईला अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत द्यायची असते, कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे असतात आणि विमानाची तिकिटे काढायची असतात. शिवाय ग्लेशियर बेच्या फेऱ्यांतील मधल्या डेकवरच्या केबिन आधीच भरतात. बहुतेक कंपन्या अनामत घेऊन केबिन राखून ठेवतात आणि पूर्ण रक्कम निघण्यापूर्वी तीन-चार महिन्यांच्या सुमारास मागतात. त्या तारखेपर्यंत रद्द केल्यास अनामत परत मिळते की नाही, हे प्रत्येक दरात वेगळे असते आणि स्वस्त दरात बहुधा मिळत नाही. आमच्या गटातील एका कुटुंबाने काल उद्यान खात्याचे वेळापत्रक पाहून मेमधल्या दोन तारखा काढल्या आहेत. अनामत परत मिळणारा दर माणशी किती जास्त पडतो, एवढेच ते आता एजंटाला विचारणार आहेत.