‘मुलींना अडवलंय कुणी?’ म्हणणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: निकालात मुलीच पुढे, फी सरकारने माफ केली, आता घरात भेदभाव उरला नाही, तरी मुली घराजवळची सोयीची नोकरीच धरतात, तर ती त्यांची निवड, मुळात मुलींना महत्त्वाकांक्षाच कमी. जिद्द असली की वाट निघतेच, आईबापांना बोल लावू नका.

निकालाचं खरं आहे. 2024 साली राज्यात बारावीला 95.44 टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे 91.60 टक्के. पण त्यातून मुलीने काय करून दाखवलं ते कळतं. घराने तिच्याकडून काय अपेक्षा धरलीय ते कळत नाही.

फीचंही अर्धंच सांगितलं जातं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ठरावीक प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. खोलीभाडं आणि मेस त्यात नाही. तो खर्च कुणासाठी करायचा, हे घरच ठरवतं.

आता ‘तिची निवड’. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे (केंद्रीय प्रवेश फेरीचे) ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या कॉलेजांची यादी, भरायला मुलांना मदत करते. एका घरातला मुलगा आला होता तेव्हा त्याच्या यादीत वर पुण्याचं सीओईपी, मग मुंबईचं व्हीजेटीआय, मग सांगलीचं वालचंद. पुढे त्याची बहीण आली, पर्सेंटाइल त्याच्याहून चांगलं. वडील म्हणाले, “मॅडम, जाऊन-येऊन करता येईल तेवढीच टाका.” मी तिला विचारलं, तुला कुठलं हवंय? ती लगेच म्हणाली, “तेच बरं पडेल, मॅडम.”

मेसेजवाल्यांच्या हिशोबात ही तिची निवड! हे उत्तर त्या दिवशी तयार झालेलं नसतं. पाहुणे आले की अभ्यासावरून कोण उठतं, ‘तुझं काय ते लग्नानंतर बघू’ हे कुणाला ऐकवलं जातं, त्यातून ते वर्षानुवर्षं मुरतं. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88. मुलगी हे रोज बघते आणि पुढचा हिशोब मनातल्या मनात मांडते.

जिद्दीचं उदाहरण म्हणून जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव घेतात. 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिचे संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, तरी त्या हटल्या नाहीत. जिद्द होतीच. पण त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, हे कुणी सांगत नाही. त्या घरात मुलीने विज्ञान शिकणं ही नवलाई नव्हती.

शेवटचा दावा, मुलींना मुळातच महत्त्वाकांक्षा कमी. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात काही गावांचं प्रधानपद (आपल्याकडचं सरपंचपद) लागोपाठ दोनदा महिलांसाठी राखीव झालं. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी ही गावं कधीच आरक्षण न पडलेल्या गावांशी ताडून पाहिली (‘सायन्स’ नियतकालिक, 2012). मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दल आईबापांच्या अपेक्षांत जो फरक असे, तो सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला होता. खुद्द किशोरवयीन मुलामुलींच्या अपेक्षांतला फरक 32 टक्क्यांनी. मुलींचा घरकामातला वेळही घटला होता. मुली त्याच जिल्ह्यातल्या, तशाच घरांतल्या. महत्त्वाकांक्षा जन्मतःच कमी असती, तर हे आकडे हललेच नसते.